स्कीचे बूट चालण्याजोगे हवेतच, पण सुटण्याजोगेही!

गुलमर्ग किंवा औलीला पहिल्यांदाच स्कीइंगसाठी गेलेल्या पर्यटकाची पहिली फजिती बऱ्याचदा उतारावर होतच नाही. ती भाड्याचे बूट चढवून दुकानाबाहेर पडतानाच होते. घोटा हलत नाही, पाऊल वाकत नाही आणि ओल्या फरशीवर तळवा सटकतो. त्यावर ‘हे बूट असेच असतात, सवय होईल,’ असे ठरलेले उत्तर मिळते. आज हे उत्तर पटण्याजोगे नाही.

पूर्वी स्कीचे बूट चामड्याचे असत. १९६०च्या दशकात अमेरिकेतील बॉब लँग यांनी प्लास्टिकच्या कवचाचे बूट आणले आणि खेळच बदलला. पाय जरा कलला, की तो कल थेट स्कीच्या कडेपर्यंत पोहोचू लागला. घोट्याच्या दुखापती घटल्या; मात्र पुढच्या काळात गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापती ठळकपणे समोर आल्या.

चालण्याचे गणित याच्या नेमके उलट असते. टाच टेकते, मग नडगी पावलावरून पुढे झुकते आणि शेवटी बोटे वाकून शरीराला पुढे ढकलतात. स्कीचा बूट घोटा आणि बोटे दोन्ही जखडून ठेवतो, शिवाय पोटरीला कायम पुढे झुकवतो. मग घोट्याचे काम गुडघ्याला आणि कमरेला करावे लागते. त्यात जोडीचे वजन चार किलोच्या आसपास असू शकते, आणि पायातले वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त दमवते. पायऱ्यांवर किंवा गोठलेल्या वाहनतळावर असा माणूस पडला, तर मनगट मोडायला उतार लागत नाही.

यावर उपाय आहेत. काही बुटांत मागे एक खटका असतो. तो उघडला की वरचा भाग मागेपुढे हलतो. दुसरा उपाय तळव्याचा. ‘ग्रिपवॉक’ पद्धतीचा रबरी तळवा पुढे-मागे किंचित गोलसर असल्याने पाऊल होडीसारखे डुलत पुढे सरकते.

खरी मेख इथेच आहे. पडताना गुंता झाला, तर बूट स्कीच्या पकडीतून, म्हणजे बाइंडिंगमधून, सुटला पाहिजे. नाहीतर नडगीचे हाड धोक्यात येते. तो सुटण्यासाठी तळव्याचा पुढचा भाग पकडीवर सहज सरकावा लागतो, आणि रबराचा तर गुणच चिकटून राहण्याचा! म्हणून ग्रिपवॉकच्या तळव्यात पकडीला टेकणाऱ्या जागी गुळगुळीत कडक पट्टी असते आणि आकारही वेगळा असतो. पारंपरिक सपाट तळव्याचे मानक आयएसओ ५३५५, तर ग्रिपवॉकचे आयएसओ २३२२३. फक्त जुन्या मानकासाठी बनवलेल्या बाइंडिंगमध्ये नवा बूट बसला, तरी तो वेळेवर सुटेल याचा भरवसा नाही.

म्हणून चालण्याची सोय ही चैन समजू नये, आणि ती अर्धवटही करू नये. भाड्याने साहित्य देणाऱ्यांनी बूट बदलताना बाइंडिंगही बदलावे, दोन्हींचा मेळ तपासावा आणि झिजलेले तळवे वेळीच काढून टाकावेत. नवशिक्याला शर्यतीच्या कडक बुटाची गरज नसते. त्याला वाकणारा, चालता येणारा आणि पायात नीट बसणारा बूट हवा.

पर्यटकानेही तीन गोष्टी पाळाव्यात. हे बूट याच बाइंडिंगसाठी आहेत का, हे विचारावे. आपले वजन, उंची, वय आणि कौशल्य खरेखरे सांगावे, कारण पकड किती घट्ट ठेवायची हे त्यावरून ठरते. चालताना वरचे बक्कल सैल करावेत, खटका असेल तर उघडावा. आणि उतरण्यापूर्वी दोन्ही आठवणीने बंद करावेत.

उतारावरचा धोका माणूस स्वतःहून पत्करतो. उपाहारगृहाच्या पायरीवरचा धोका मात्र त्याच्यावर लादला जातो, आणि तो टाळता येण्यासारखा आहे.