पहिल्या पदवीचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की नारायण पेठेतील अनेक घरांतून दरवर्षी एक हिशेब मांडला जातो. मुलाला अथवा मुलीला अर्थशास्त्र शिकावयाचे आहे, एवढे ठरलेले असते. ते कोठे शिकावे, हे ठरावयाचे असते. एकीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेले एखादे जुने महाविद्यालय व तेथील बी. ए.; दुसरीकडे एखाद्या अभिमत विद्यापीठाची अर्थशास्त्रातील बी. एस्सी. लकडी पूल ओलांडला की या दोन वाटांपैकी बऱ्याच वाटा पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. दोहोंच्या शुल्कपत्रकांतील अंतर मात्र फार मोठे आहे. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगारावर चालणाऱ्या कुटुंबाला हे अंतर कर्जाशिवाय सहसा ओलांडता येत नाही. म्हणूनच हा निर्णय शेजाऱ्याच्या सल्ल्यावर किंवा माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांवर न सोडता अर्थशास्त्राच्याच कसोटीवर घासून पाहणे योग्य ठरेल.

प्रथम या दोन व्यवस्थांतील भेद समजून घेतला पाहिजे. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली आणि बॅ. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकविणारा प्राध्यापक वेगळा, अभ्यासक्रम ठरविणारे अभ्यासमंडळ वेगळे आणि परीक्षा घेणारी यंत्रणा वेगळी असते. अभिमत विद्यापीठात ही तिन्ही कामे एकाच छताखाली होतात. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९३ साली मिळाला. १९७१ साली आरंभ झालेल्या सिंबायोसिसला तो २००२ साली मिळाला. या दोहोंच्या मधे स्वायत्त महाविद्यालय उभे आहे. त्याला आपला अभ्यासक्रम आखण्याची व परीक्षा घेण्याची मुभा असते, परंतु पदवी मूळ विद्यापीठाचीच मिळते. १८८५ साली निघालेले फर्ग्युसन आज याच वर्गात मोडते.

या भेदाचा परिणाम दुहेरी असतो. जेथे शिकविणाराच अभ्यासक्रम आखतो, तेथे तो लवकर बदलता येतो, नवे विषय येतात आणि गणिताचा भाग वाढविता येतो. परंतु जेथे शिकविणाराच गुण देतो, तेथे त्या गुणांची पारख बाहेरच्या जगाला स्वतंत्रपणे करावी लागते. संलग्न व्यवस्थेत बदल संथ गतीने होतो. शेकडो महाविद्यालयांना पेलेल एवढेच अभ्यासक्रमात घालावे लागते. तथापि, नारायण पेठेतील मुलगी आणि नगर जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावचा मुलगा एकाच मापाने मोजले जातात, हा त्या व्यवस्थेचा गुण कमी लेखण्याजोगा नाही.

आता खर्चाकडे वळू. पालक शुल्काचा आकडा पाहतात. अर्थशास्त्रज्ञ वैकल्पिक खर्च पाहतो. एका गोष्टीवर खर्च केलेला रुपया दुसऱ्या कोणत्या गोष्टीसाठी उरत नाही, हा त्याचा प्रश्न असतो. अर्थशास्त्राच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. अभियांत्रिकीची पहिली पदवी घेऊन मनुष्य व्यवसायात शिरू शकतो. अर्थशास्त्राची पहिली पदवी ही मात्र बहुधा अर्धीच वाट असते. संघ लोकसेवा आयोगाच्या भारतीय अर्थसेवेच्या परीक्षेस बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. महाविद्यालयात शिकविण्यासाठी ती लागते. संशोधनाच्या कामासाठी तर लागतेच. जे कुटुंब पहिल्या तीन-चार वर्षांतच आपली पुंजी संपविते आणि वर कर्ज काढते, ते दुसऱ्या पदवीच्या वेळी रिकाम्या हाताने उभे राहते. मग कर्जाचे हप्ते भरण्यासाठी मिळेल ती नोकरी धरावी लागते आणि ज्या शास्त्रासाठी एवढा खटाटोप केला ते शास्त्रच सुटते. साधने मर्यादित असतील तर ती दुसऱ्या पायरीसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे, असा या हिशेबाचा पहिला निष्कर्ष निघतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध सिद्ध झाला. असामान्य पुरुषाच्या चरित्रावरून सर्वसामान्य नियम काढू नये, हे खरे. परंतु पहिली पदवी घराजवळच्या विद्यापीठाची आणि पुढचे शिक्षण शिष्यवृत्तीवर दूरच्या विद्यापीठात, ही वाट तेव्हाही चालण्याजोगी होती आणि आजही ती बंद झालेली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. विद्यापीठाच्या नावाला बाजारात किंमत असते, तिचे काय? हा आक्षेप निराधार नाही. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली असे दाखवून दिले की, उमेदवाराची योग्यता मालकाला थेट दिसत नसल्यामुळे तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परंतु या खुणेला किती पैसे मोजावेत? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात ज्या विद्यार्थ्यांना नामवंत महाविद्यालयांत प्रवेश मिळत होता, पण जे अन्यत्र शिकले, त्यांची तुलना नामवंत ठिकाणी शिकलेल्यांशी केली. पुढील मिळकतीत सरासरीने म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. अपवाद होता तो गरीब घरच्या मुलांचा; त्यांना नामवंत संस्थेचा निश्चित लाभ झाला.

हा निष्कर्ष अमेरिकेचा आहे आणि तो जसाच्या तसा पुण्याला लावता येणार नाही. तरीही त्यातील इशारा गंभीर आहे. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ओळखी आहेत, इंग्रजी आहे, त्याला संस्थेच्या नावाची गरज कमी. ज्याच्या घरी यांतले काहीच नाही, त्यालाच ती अधिक. आणि शुल्काची रचना अशी की, ज्याला गरज अधिक त्याच्यासाठीच दार अरुंद. येथे हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. तो सामाजिक होतो.

दार अरुंद करणारी दुसरी गोष्ट गणित. आजचे अर्थशास्त्र कलन, संख्याशास्त्र आणि अर्थमिती यांच्या आधाराने चालते. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचे गणित आवश्यक आहे. आयआयटीच्या ‘जॅम’ परीक्षेत २०२१ पासून आलेल्या अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत गणित व संख्याशास्त्राला मोठे स्थान आहे. आपल्याकडे मात्र कला शाखेकडे वळणारा विद्यार्थी पुष्कळदा दहावीनंतर गणिताचा निरोप घेतो. तो बी. ए. उत्तम गुणांनी होतो, आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या दाराशी आल्यावर त्याला कळते की आपल्यापाशी किल्लीच नाही. स्वस्त पदवी अशा वेळी महाग पडते. म्हणून पहिल्या निष्कर्षाला दुसऱ्याची जोड दिली पाहिजे : घराजवळचे महाविद्यालय निवडावे, परंतु तेथे गणित व संख्याशास्त्र पुरेसे मिळते की नाही हे पाहून, आणि मिळत नसेल तर ते स्वतंत्रपणे शिकण्याची तजवीज पहिल्याच वर्षी करून. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेला चौथ्या वर्षाचा पर्यायही याच दृष्टीने तपासावा.

तिसरी गोष्ट भाषेची. पुणे विद्यापीठाच्या कला शाखेत मराठीतून उत्तरे लिहिता येतात. अभिमत विद्यापीठांतून सगळा व्यवहार इंग्रजीचा. पुढील शिक्षण इंग्रजीत आहे, तेव्हा इंग्रजी टाळून चालणार नाही. परंतु विषय समजण्याची भाषा आणि तो पुढे नेण्याची भाषा या दोहोंचा संसार पुण्याने पूर्वी एकत्र करून दाखविला आहे. लोकहितवादींनी आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे शास्त्र मराठीत आणले. न्यायमूर्ती रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावरील आपले प्रसिद्ध व्याख्यान १८९२ साली डेक्कन महाविद्यालयात दिले. धनंजयराव गाडगीळ गोखले संस्थेचे पहिले संचालक. त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले आणि सहकाराचे अर्थशास्त्र मराठी शेतकऱ्यांच्या सभांतून सांगितले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर लिहिताना १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक किमान गरजांच्या पातळीखाली असल्याचे दाखविले. हा प्रश्न विचारण्यासाठी गणित लागत होते, तसेच ज्यांच्याविषयी तो होता त्यांची ओळखही लागत होती.

येथेच खरे काय पणाला लागले आहे ते दिसते. गणितासह शिकविले जाणारे अर्थशास्त्र ज्यांना शुल्क परवडते त्यांच्यापुरते राहिले आणि उरलेल्यांच्या वाट्याला केवळ टिपणवह्यांतून पाठ करण्याचे अर्थशास्त्र आले, तर उद्या कांद्याच्या भावाविषयी, शहरातील भाड्याच्या खोलीविषयी, कंत्राटी मजुरीविषयी प्रश्न कोण विचारणार? प्रश्न निवडणाऱ्याचा वर्ग बदलला की शास्त्राचे प्रश्नही बदलतात. शनिवार, नारायण, सदाशिव पेठांतील अभ्यासिकांमध्ये खेड्यापाड्यांतून आलेली असंख्य मुले स्पर्धापरीक्षांसाठी अर्थव्यवस्थेचे आकडे पाठ करीत असतात. त्यांच्यापैकी काहींना तरी त्या आकड्यांमागचे शास्त्र शिकण्याची संधी पदवीच्या वर्गातच मिळावयास हवी होती.

ही संधी निर्माण करण्याची जबाबदारी केवळ पालकांवर टाकता येणार नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने बारावीला गणित न घेतलेल्यांसाठी पहिल्या वर्षी गणिताचा सेतू अभ्यासक्रम ठेवावा आणि त्याची पुस्तके मराठीतही तयार करावीत. शासनाने तासिका तत्त्वावर चालणाऱ्या वर्गांना कायमचे प्राध्यापक द्यावेत. ज्याला पुढच्या सत्राची शाश्वती नाही, त्याच्याकडून नव्या अभ्यासक्रमाची तयारी अपेक्षिणे अन्यायाचे आहे. अभिमत विद्यापीठांनीही, ज्या समाजाच्या विश्वासावर त्यांची नावे उभी आहेत, त्या समाजातील गरीब मुलांसाठी पूर्ण शिष्यवृत्तीच्या जागा वाढवाव्यात.

तोपर्यंत पालकांनी व विद्यार्थ्यांनी प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. गणित व संख्याशास्त्राच्या तासिका किती? शिकविणाऱ्यांपैकी कायमचे किती? ग्रंथालय पदवीच्या विद्यार्थ्याला खरोखर खुले आहे काय? आणि ही पदवी घेतल्यावर पुढच्या पदवीसाठी हाती काय उरेल? ज्या संस्थेकडून या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळतात, ती निवडावी, मग तिची इमारत जुनी असो वा नवी. जेथे उत्तराऐवजी माहितीपुस्तिका हाती ठेवली जाते, तेथून परत फिरावे. तेवढ्याने वाचलेला पैसा पुढे शिक्षणाच्याच कामी येईल.