दाराबाहेरच्यांची कडवी



नाताळच्या सुट्टीत आम्ही काही मंडळी दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाला गेलो होतो. तिथे 23 डिसेंबरला मुळ्यांची रात्र असते. हातभर लांबीच्या लाल मुळ्यांतून कोरलेले संत, राजे, प्राणी भर चौकात मांडतात. 1897 पासून ही स्पर्धा भरते आणि ती जरूर बघावी. पण मंडळाच्या या अंकात मला लिहायचं आहे ते पोसादाबद्दल.

16 ते 24 डिसेंबर अशा नऊ रात्री पोसादा चालतात. मरियेचे दिवस भरत आलेले, आणि बेथलेहेममध्ये तिला व योसेफाला रात्रीपुरता आसरा मिळेना, ही कथा मेक्सिकोत गल्लीगल्लीत सगळे मिळून जगतात. 1587 मध्ये आकोल्मानच्या मठातल्या दिएगो दे सोरिया यांनी पोपकडून या नऊ दिवसांच्या मिस्सा-प्रार्थनांना परवानगी मिळवली. आस्तेक लोकांच्या वित्सिलोपोच्त्ली देवाचा उत्सव याच सुमारास येई. त्याची जागा मिशनऱ्यांना भरून काढायची होती. पुढे चर्चच्या अंगणातला हा विधी लोकांनी आपल्या दाराशी आणला.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी आम्हाला पोसादाला नेलं आणि निघतानाच प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती व गाण्याचा छापील कागद ठेवला. पुढे मुलांच्या खांद्यावर मरिया-योसेफाच्या मूर्ती, मागे आम्ही. ठरलेल्या घराशी आलो तर दार बंद. निम्मे लोक आत, निम्मे रस्त्यावर. बाहेरच्यांनी योसेफाच्या वतीने आसरा मागायचा, आतल्यांनी घरमालकाच्या वतीने झिडकारायचं: कोण कुठले तुम्ही, चोर असाल, चालते व्हा. कडव्यामागून कडवी अशीच चालतात. माझ्या शेजारचे आजोबा माझ्या कागदावर बोट ठेवून ओळ दाखवत होते; तिसऱ्या कडव्यापर्यंत चाल जिभेवर बसली. शेवटी दाराशी कोण उभं आहे हे आतल्यांना उमगतं, दार उघडतं, चाल एकदम आनंदी होते आणि सगळे गातगात आत शिरतात.

मग पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरून टांगलेली चांदणी, फुटते. तिची सात टोकं म्हणजे सात पापं, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून काठी मारायला आम्हालाही पुढे ढकललं गेलं. त्यानंतर पोंचे नावाचं गरम पेय: पेरू, उसाची कांडकी, चिंच, दालचिनी, गुळासारखी पिलोन्सियो आणि तेहोकोते नावाचं तिथलं छोटं पिवळं फळ. यातले ऊस आणि चिंच आपल्या बाजूने तिकडे गेले, पेरू तिकडून आपल्याकडे आला.

एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात कागद, त्यामुळे माझा फोन खिशातच राहिला. बाहेरून आलेल्यासाठी त्या सणात आधीच जागा राखलेली आहे. दाराबाहेर कुणी उभंच नसेल तर पोसादा सुरू तरी कशी होणार? ही राखलेली जागा मला फार मोलाची वाटते.

आता आपल्याकडे बघा: गणेशोत्सवात अमराठी शेजारी येतात, ऑफिसातले सहकारी येतात, मुलांचे मित्र येतात. आपण त्यांना आग्रह करकरून जेवू घालतो. आदरातिथ्यात आपण कुठेच कमी नाही. पण आरती सुरू झाली की हीच मंडळी मागे भिंतीशी सरकतात आणि फोन काढतात, कारण त्यांचे हात आपण रिकामे ठेवलेले असतात. वास्तविक आरतीइतकं सामील होण्याजोगं दुसरं काय आहे? झांज कुणालाही वाजवता येते आणि ध्रुवपद तर सारखं फिरून येतंच.

म्हणून यंदा आरत्या रोमन लिपीत, अर्थासह छापाव्यात आणि मराठी शाळेतल्या एकेका मुलाने एकेका पाहुण्याशेजारी उभं राहून ओळ दाखवावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. गणेशोत्सवाआधी संक्रांत आहे. हळदीकुंकवाला शेजारणीला बोलवा, आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवून थांबू नका. तिळगुळाचा डबा तिच्याकडे देऊन तिलाही वाटू द्या. घरात झांजा नुसत्या पडून असतील तर मंडळाला कळवा, निदान वीस जोड्या तरी लागतील.

संपादक