लिव्हरच्या रुग्णाची बद्धकोष्ठता साधी नसते

एका शुक्रवारी संध्याकाळी एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, अब्बा कालपासून वेगळंच वागतायत. रात्रभर जागे, दिवसभर झोपून. आज कुर्त्याची बटणं वरखाली लावली. असरला किती रकअत झाल्या, तेच आठवेना त्यांना." घरच्यांना वाटले, वय झाले. शेजारणीने नजर लागल्याचे सांगितले. अब्बांचे वय 62, दोन वर्षांपासून लिव्हर सिरॉसिस. मी विचारले, "शौचाला कधी झालं होतं?" सूनबाई संकोचल्या. मग म्हणाल्या, "तीन दिवस झाले."

या उत्तरानेच आजाराचा अर्धा उलगडा झाला.

सिरॉसिस म्हटले की लोकांना दारू आठवते. अब्बांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मधुमेह, वाढलेले वजन आणि त्यातून होणारे फॅटी लिव्हर, तसेच हिपॅटायटिस बी आणि सी यांमुळेही लिव्हर हळूहळू कडक होत जाते. तेव्हा "आमच्या घरात हा आजार कसा?" म्हणून लपवू नका.

आता पोटाकडे वळू. आपली आतडी लाटेसारखी आकुंचन पावत अन्न पुढे ढकलतात. पोट रिकामे असतानाही साधारण दीड-दोन तासांनी एक मोठी लाट येऊन उरलेसुरले झाडून नेते. जुनाट लिव्हरच्या आजारात ही झाडलोट बिघडते. आतड्यांना चालना देणाऱ्या नसा कमजोर होतात. लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब वाढून आतड्यांच्या भिंतींना सूज येते. स्नायू सैल करणारी द्रव्ये शरीरात वाढतात. पोटात पाणी झाले असेल तर जठर दाबले जाते आणि दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. त्यात मधुमेह, लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि सतत पडून राहणे यांची भर पडते.

अन्न रेंगाळले की लहान आतड्यात जंतू वाढतात. गॅस होतो, पोट फुगते. पण खरा धोका अमोनियाचा. प्रथिनांवर जंतूंची आणि आतड्यांची प्रक्रिया होताना अमोनिया तयार होतो. निरोगी लिव्हर त्याचे युरिया करून लघवीवाटे बाहेर पाठवते. कडक झालेल्या लिव्हरला ते जमत नाही, शिवाय बरेच रक्त त्याला वळसा घालून परस्पर पुढे जाते. मळ जितका वेळ आत राहील, तितका अमोनिया रक्तात जास्त शिरतो आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. झोपेची उलटापालट, विसरभोळेपणा, चिडचिड, अक्षर बिघडणे, पसरलेल्या हातांचे पंजे फडफडणे ही त्याची लक्षणे. पुढे रुग्ण बेशुद्ध होतो.

म्हणूनच अशा रुग्णांना लॅक्ट्युलोजचे गोड सिरप देतात. 1966 पासून ते या कामासाठी माहीत आहे. ते नुसते जुलाबाचे औषध नव्हे. मोठ्या आतड्यात ते आंबते, तिथे आम्लता वाढते, अमोनिया तिथेच अडकतो आणि मळाबरोबर बाहेर पडतो.

अब्बांनी हे औषध आठवड्यापूर्वी बंद केले होते. कारण त्यांनी दुसऱ्या दिवशी मान खाली घालून मलाच सांगितले. औषधाने गॅस होई, वुजू टिकत नसे. मागच्या जुम्याला भर सफेतून उठून जावे लागले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बाटली कपाटात ठेवून दिली. घरात कुणाला सांगितले नाही.

ही अडचण खरी आहे आणि ती बोलूनच सुटते. डोस थोडा कमी-जास्त करता येतो, वेळा बदलता येतात. मसला सांगणे हे डॉक्टरचे काम नाही, पण आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहे, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. जाणकार आलिमांना विचारा, पण औषध मनाने थांबवू नका.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे:

• लॅक्ट्युलोज चालू असताना दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौच व्हावी, हे माप. कमी झाली तर डॉक्टरांना फोन करा. पाण्यासारखे जुलाब होऊ लागले तरीही करा, कारण शरीरातले पाणी कमी झाले की गुंगी उलट वाढते.

• "लिव्हरला जड" म्हणून डाळ, दूध, अंडी बंद करू नका. पूर्वी तसा सल्ला देत. आता प्रथिने पुरेशी घ्यायला सांगतात, नाहीतर स्नायू झिजतात. थोडे थोडे, दिवसातून अनेकदा खायला द्या.

• रात्रभर पोट रिकामे ठेवू नका. झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्या. रमजानच्या रोज्यांचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या. सिरॉसिसच्या रुग्णाला लांबलेला उपवास महाग पडू शकतो.

• झोपेची गोळी, अंगदुखीची गोळी, 'लिव्हर साफ करणारा' काढा हे विचारल्याशिवाय देऊ नका.

• बोलणे विसंगत झाले, ताप आला, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. गुंगी येण्यामागे केवळ बद्धकोष्ठता नसते. जंतुसंसर्ग किंवा पोटातला रक्तस्रावही असू शकतो.

अब्बांना त्याच रात्री रुग्णालयात दाखल केले. तपासण्या झाल्या, लॅक्ट्युलोजचा एनिमा दिला, औषध पुन्हा सुरू झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला नावाने हाक मारली. आता त्यांच्या घरात कॅलेंडरवर रोज छोट्या रेघा ओढल्या जातात. जेवढ्या वेळा शौच, तेवढ्या रेघा. सूनबाई सांगत होत्या, आधी अब्बांना लाज वाटायची. आता एखाद्या दिवशी एकच रेघ दिसली, तर तेच म्हणतात, "बेटा, डॉक्टरांना फोन लाव."