कुशीवरचा मार

दहीहंडीच्या दिवशीं गिरगांव, दादर, लालबाग या भागांत थर कोसळतात आणि दर वर्षीं कांहीं तरुण परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत आणले जातात. मोडलेला हात घरच्यांस लगेच दिसतो. कुशीवर बसलेला मार दिसत नाहीं. हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा, म्हणजे मिनिटास लिटरभर रक्त, मूत्रपिंडांतून वाहतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे या माराचें गांभीर्य कळेल.

सुदैवानें बहुतेकांस शस्त्रक्रिया लागत नाहीं. विश्रांती व कडक देखरेख यांवर जखम भरते. पोट उघडावेंच लागलें तर मात्र खरी पंचाईत होते. मूत्रपिंडाचा गर इतका मऊ, कीं टांका आवळतांच दोरा त्यांत रुततो. म्हणून पूर्वीं पुष्कळदां सबंध अवयवच काढून टाकीत. आतां टांक्यांच्या जोडीस फायब्रिनचा लेप आला आहे. जोडपिचकारीच्या एका नळींत फायब्रिनोजेन, दुसरींत थ्रॉम्बिन. दोन्हीं जखमेवर एकत्र आलीं कीं तंतूंचें जाळें विणलें जाऊन रक्त थिजतें. शरीर स्वतः करतें तेंच हें काम; रुग्णाचें रक्त नीट गोठत नसलें तरी लेप आपली सामग्री बरोबर आणतो, आणि पुढें आपोआप विरघळून जातो. फायब्रिनची पूड रक्त थांबविण्यास १९०९ सालींच वापरली गेली होती. अमेरिकेंत या लेपास सरकारी मान्यता मिळाली ती १९९८ सालीं! तरीही कारंज्यासारखी उडणारी धमनी त्यानें थांबत नाहीं. लेपच धुवून जातो. ती आधीं बांधावीच लागते.

वाचविलेल्या रक्ताचें मोल परळास निराळें सांगावयास नको. १९५२ सालीं डॉ. भेंडे यांनीं 'बॉम्बे' रक्तगट जगापुढें आणला तो याच शहरांतून. त्या गटाच्या माणसास 'ओ' गटाचेंही रक्त चालत नाहीं, स्वगटाचेंच लागतें, आणि तें ऐनवेळीं मिळणें दुरापास्त. अशा रुग्णाच्या बाबतींत बाहेरून रक्त आणण्यापेक्षां आंतलें राखणें हाच मुख्य उपाय.

घरच्यांनीं काय करावें? पडलेल्या मुलाची कुशी तेलानें चोळीत बसूं नये. ही खोड आमच्याही घरांतून अद्याप गेलेली नाहीं. लघवी तांबूस झाली, कुशींत कळ राहिली किंवा घेरी आली, तर तडक रुग्णालय गांठावें. लघवी स्वच्छ दिसली म्हणून मार किरकोळ असें समजूं नये. कित्येकांस जन्मतःच एकच मूत्रपिंड असतें; घरांत तसें कोणी असल्यास ही गोष्ट डॉक्टरांस प्रथम सांगावी.