क्रूझला जाताय? सर्टिफिकेटच्या आधी तपासणी करा

"डॉक्टर, आईबाबांना क्रूझवर पाठवतोय, तेवढं फिटनेस सर्टिफिकेट द्या," अशी मागणी आता वर्ध्यातही होऊ लागली आहे. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या सहली मिळतात. हौस जरूर करावी. पण पेशंटला न तपासता नुसती सही मागणे आणि देणे, दोन्ही चूकच, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी लोकांना कोकणात गावी पोहोचवत. क्रूझमध्ये मात्र जहाज हीच सहल असते. जेट विमाने आल्यावर जहाजांचे लांबचे प्रवासी कमी झाले, तेव्हा कंपन्यांनी सहलींकडे मोर्चा वळवला. आज एका जहाजात दोन-तीन हजार माणसे सहज मावतात. वीज तिथेच तयार होते, समुद्राचे पाणी गोडे केले जाते, जेवणाची चंगळ असते. थोडक्यात, तरंगते गावच! पण या गावात मोठे हॉस्पिटल नसते.

जहाजावर दवाखाना असतो. डॉक्टर, ऑक्सिजन, ईसीजी, तातडीची औषधे मिळतात. अँजिओप्लास्टी किंवा रक्तपेढी मात्र सहसा नसते. वर्ध्यात छातीत दुखले तर आपण लगेच सेवाग्राम किंवा सावंगी गाठतो. भर समुद्रात बंदर येईपर्यंत थांबावे लागते. हेलिकॉप्टरही अंतर आणि हवामान पाहूनच येते.

दुसरा धोका संसर्गाचा. २०२० मध्ये जपानजवळ 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावरील ३,७११ पैकी ७१२ जणांना कोविड झाला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई-गोवा 'कॉर्डेलिया' जहाजावरही ६६ जण बाधित आढळले. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरसही बंदिस्त जागेत झपाट्याने पसरतो.

म्हणून एवढे कराच:

• महिनाभर आधी बीपी, शुगर आणि गरजेप्रमाणे ईसीजी तपासून घ्या.
• नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा थोडे चालल्यावर दम लागत असेल, तर सहल पुढे ढकला.
• गोळ्या, इन्सुलिन आणि जुने रिपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. औषधे चार दिवसांची जास्त घ्या.
• बोट लागण्यावरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यांनी झोप येते, प्रोस्टेट असलेल्यांची लघवी अडू शकते.
• जेवणाआधी हात साबणाने धुवा. नोरोव्हायरससाठी नुसते सॅनिटायझर पुरत नाही.
• विमा उतरवताना जुने आजार लपवू नका.

तपासणी चांगली आली, तर बिनधास्त जा आणि समुद्राचा मनसोक्त आनंद घ्या!