फ्लूची लस घ्यायची का? घ्यायची तर कधी?

वऱ्हाडात पाऊस लागला की घरोघरी ताप-खोकला सुरू होतो. बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. मग लस कशाला?

कोणाला गरज? ज्येष्ठ, गर्भवती, पाच वर्षांखालील मुले आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले रुग्ण यांचा फ्लू न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. २००९ मध्ये पुण्यात बळी घेणारा एच१एन१ आता हंगामी फ्लूचाच भाग आहे.

कधी घ्यावी? देशात फ्लू साधारण दोनदा वाढतो : जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात. लसीचे संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणजे मृगाच्या आधी घेतलेली बरी.

दरवर्षी का? विषाणू बदलतो, म्हणून लसही बदलते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. मात्र लस विषाणूशी जुळली, तर फ्लूमुळे डॉक्टरकडे जाण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी घटते.

मोफत मिळते? राज्यात २०१५ पासून जोखमीच्या गटांसाठी मोफत लसीची योजना आहे. अमरावतीत इर्विन किंवा डफरीन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात साठा आहे का, हे आधी विचारा.

धडधाकट तरुणाने लस थोडी लांबवली तर चालेल. शुगरची गोळी घेणाऱ्या आई-बाबांची मात्र लांबवू नका.