आरडी घ्यायचीय? मग सगळं दोनदा मोजा

सोनगीर फाट्यावर चहा पीत उभे असताना मुंबई-आग्रा हायवेवरून तो आवाज येतो ना, आधी तडतड आणि मग एकदम कान फाडत जाणारा, तेव्हा हातातला चहा तसाच राहतो. राजदूत ३५०. आपल्या भाषेत आरडी. मागे निळसर धूर, आणि टपरीवरचा कुणीतरी म्हणतोच, "भाऊ, गाडी एकच नंबर शे!" इथपर्यंत सगळं ठीक. पुढच्या आठवड्यात मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती सुरू होतात आणि घरी आलेल्या कापसाच्या पैशांवर नजर जाते. मला बोलायचंय ते इथून पुढचं.

घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. ते सांगायला घरचे आहेतच. पण काय घेताय, ते बघा. यामाहाच्या जपानी आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ही गाडी भारतात आणली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर, तीसेक हॉर्सपॉवर. त्या काळातल्या आपल्या रस्त्यांना ती झेपलीच नाही. पेट्रोल पिते म्हणून पुढे ताकद कमी केलेली लो टॉर्क गाडी आली, आणि नव्वदच्या सुमारास सगळंच थांबलं. म्हणजे आज जी हाती येईल ती तुमच्यापेक्षा वयाने मोठीच. धोनीकडे आहे, हे कुणी सांगायला लागलं तर धोनीकडे मेकॅनिकही आहे, एवढं लक्षात ठेवा.

खरी मेख आहे ती दोन सिलिंडरची. दोन पिस्टन, दोन कार्बोरेटर, दोन पॉइंट, दोन सायलेन्सर. समुद्राकाठी जुनी दोन इंजिनांची स्पीडबोट घेणाऱ्याचं आणि आपल्याकडे आरडी घेणाऱ्याचं दुखणं एकच: बिल दोनदा येतं. वर फसवणूकही सोपी. एक सिलिंडर थकला तरी दुसरा गाडी ओढत राहतो, आणि ज्याने आरडी कधी चालवलीच नाही त्याला ते कळतही नाही.

सोनगीरच्या तांबट आळीत जुनं भांडं वाजवून, उलटं करून पाहिल्याशिवाय कुणी घेतं का? मग लाखांत सांगितलेली गाडी नुसत्या आवाजावर कशी घेता? दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेज लावून मोजायला सांगा, आकडे जवळपास सारखेच हवेत. आळीपाळीने एकेका प्लगची टोपी काढून गाडी कशी चालते ते ऐका. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर चहा प्या, ते पूर्ण गार होऊ द्या आणि मग किक मारा.

कागद तर इंजिनाच्याही आधी. चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवावी लागते, ती वाढवलेली आहे का? "नाव नंतर करू" म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. अपघात झाला तर भरपाई नोंदणीकृत मालकाच्याच माथी येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तरीही विकणाऱ्याला नाव बदलायची घाई नसेल, तर कागदांत काहीतरी पाणी मुरतंय. आणि व्हिंटेज नोंदणीचं गाजर दाखवलं तर हिशेब करा: त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. १९८३ ची आरडी तिथवर पोचायला २०३३ उजाडेल.

आता चालवणं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, म्हणजे तो खर्च रोजचा. ऑइल पंप काढून टाकून टाकीतच ऑइल मिसळणारे बरेच आहेत. एकदा विसरलात की संपलं. वैशाखात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, इंजिन थंड करायला फक्त वारा, तोही तापलेला. त्यात पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल ओलावा धरतं, जुनं रबर खातं आणि कार्बोरेटर त्याप्रमाणे सेट केला नसेल तर इंजिन जास्त तापतं. पिस्टन जाम झाला की मागचं चाक जागेवर लॉक होतं. ८० च्या वेगात, मागे ट्रेलर असताना. म्हणून आरडी चालवणाऱ्याची दोन बोटं कायम क्लचवर असतात.

ब्रेकबद्दल कुणी रील करत नाही. भारतात बनलेल्या आरडीला पुढेही ड्रमच. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्या सवयीचा हात घेऊन आरडीवर बसलात आणि शिरपूरकडे जाताना समोर ट्रॅक्टर आडवा आला, तर थांबायला लागणारं अंतर तुमच्या अंदाजात बसणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. रोज कॉलेजला धुळ्याला जायला हीच एकमेव गाडी असणार असेल, तर घेऊ नका. एसटीचा पास काढा. घरात दुसरी गाडी असेल, स्वतःच्या कमाईतून किमतीच्या निम्मे पैसे दुरुस्तीसाठी वेगळे ठेवता येत असतील आणि हात काळे करायची तयारी असेल, तर जरूर घ्या. पॉइंट लावायला शिका, कार्बोरेटर स्वतः खोला. आणि आरडी खोललेला जुना मिस्त्री आधी शोधा, गाडी नंतर. त्याच्या हाताखाली चार रविवार बसलात, तर कदाचित तोच एखादी गाडी सांगेल.